पाणी बघणाऱ्यांचं घर

निवेळी बंदर,
ता. ९ नोव्हेंबर १९५५

चि. गुणाजीस शेवंतीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट बघून मी पोस्टमनचा जीव नकोसा केला आहे. हल्ली तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो आणि माडांतून दुसऱ्या वाटेने जातो. मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि तुला सातवीपर्यंत, तरी लिहिणारी मी आणि गप्प बसणारा तू. कोंडीराम गणपतीला गावी आला तेव्हा म्हणाला, लालबागला सभा असली की गुणाजी पहिल्या रांगेत. सभेला जायला पाय आहेत, पत्राला मात्र हात नाहीत.

बाबा बरे आहेत. उजाडायच्या आत कातळावर जातात. मी पेजेचं मडकं खालच्या धोंड्यावर ठेवून मागे फिरते. बाईचा पाय कातळाला लागला तर मासा फिरतो, त्यात मी विधवा, म्हणजे सावलीसुद्धा नको.

लिहायचं कारण वेगळंच आहे. दगडू तांडेल परवा ओटीवर येऊन बसले आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, जशी काही मी मुंबईतच जन्मले. म्हणे, चाळीस घरांचे चाळीस तुकडे जोडले की रापण होते. होडी ते जाळं घेऊन पाण्यात अर्धगोल फिरते आणि किनाऱ्यावरून चाळीस घरं दोर ओढतात. पण मासा कुठे आहे ते होडीतल्याला कळत नाही, कातळावरून पाणी बघणाऱ्यालाच कळतं, आणि तो फडकं फिरवून होडीला दाखवतो. तो मान तीन पिढ्या आपल्या घराचा. मी म्हटलं, तांडेल, हे मला ठाऊक आहे, पुढचं बोला. तेव्हा खाली बघत म्हणाले, “शेवंते, गुणाजीक सांग. फडक्याक हात होयो. कुशाबाचो हात आता थरथरता.”

म्हणजे असं की येत्या नारळी पौर्णिमेला बाबांच्या हातातलं फडकं तुझ्या हातात गेलं पाहिजे. नाही तर मान आपल्या घरातून जाईल. आणि जाईल कुणाकडे? पाण्याचा रंग वाचणारा दुसरा माणूस गावात नाही. रापण आंधळी होईल आणि चाळीस घरं उपाशी बसतील. निवेळी एके काळी मोठं बंदर होतं, अरबांची गलबतं खजूर उतरवून नारळ भरायची, हे आपण बाबांकडूनच ऐकलं. खाडीचं तोंड गाळाने भरलं, आई गेली त्या वर्षी आगबोट थांबायची बंद झाली, आणि जकातीच्या नाक्याच्या चौथऱ्यावर आता बांगडे सुकतात. उरली आहे ती एवढी रापण. ती तरी राहू दे.

लग्नाचं विचारत नाही. आधी ये.

तुझी,
शेवंतीताई


लालबाग, मुंबई,
ता. २७ नोव्हेंबर १९५५

ती. ताईस गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. इथे श्वास घ्यायला वेळ नाही. सोमवारी गिरणीतून थेट फाउंटनला गेलो. काय झालं ते पेपरात आलंच असेल. माझ्यापासून वीस हातांवर माणसं पडली. चपला गोळा करायला कोणी नव्हतं, एवढंच डोळ्यांसमोर राहिलंय. मुंबई आपली आहे हे सांगायला एवढं मोल पडेल असं वाटलं नव्हतं.

आता कातळाचं. मी येतो. तुला वाटत असेल की गिरणीची चटक लागली. साचेखात्यात मागांवर बारा वर्षं काढली, कान बधिर व्हायला आले, चटक कसली? आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत आम्ही अठरा जण पाळीपाळीने झोपतो. मी उठलो की माझ्या वळकटीवर कोंडीराम. ह्याला घर म्हणायचं तर डब्यातल्या सुकटीलाही घर आहे.

सुट्टी असली की चाळीच्या गच्चीवर चढतो. तिथून कॉटन ग्रीनच्या गुदामांपलीकडे पाण्याची एक पट्टी दिसते. तेवढ्यावरून भरती-ओहोटी सांगतो तर सगळे हसतात. परळला राहणारा माझा मित्र बुधाजी मात्र विचारतो, कसं ओळखलंस? तो तिकडच्याच गिरणीत रिंगखात्यात, सूत कातायला आहे. माझ्या साचेखात्यात त्याच्या लोकांना घेत नाहीत, धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो, त्यांचा तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नाही म्हणून. बुधाजी हे हसत सांगतो, पण हसू काही खरं नसतं. सभांना आम्ही दोघं बरोबर असतो.

श्रावणात नोकरी सोडून येतो. फडकं धुऊन ठेव. बाबांना सांग, माझी नजर अजून आहे तशी आहे.

तुझा,
गुणाजी


निवेळी बंदर,
ता. ५ जानेवारी १९५६

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की जाळ. कोंडीरामला दाखवू नकोस.

बाबांना दिसत नाही. कार्तिकात दोनदा त्यांनी फडकं फिरवलं आणि होडीने कोऱ्या पाण्यात जाळं टाकलं. मी खालून बघत होते. मासा उजवीकडे होता, पाण्यावर सावली पडल्यासारखा काळा पट्टा, वर शहारे. मला इतकं स्वच्छ दिसत होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. त्या दिवशी बाबा खाली उतरून पेज न पिता बसून राहिले. मग म्हणाले, “शेवंते, पाणी सांग.”

तेव्हापासून मी सांगते. तू दचकशील, पण मी कातळावर जाते. मागच्या बाजूला कपार आहे, तिथे अंधार असतानाच जाऊन बसते. बोलता येत नाही. रीत तुला ठाऊक आहे, कातळावरून बाईचा आवाज आला तर वल्ही पाण्याबाहेर काढायची आणि दर्याची माफी मागायची. म्हणून बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जाळ्याचा दोरा बांधला आहे. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, धरून ओढला की जाळं सोड. बाबा फडकं फिरवतात आणि गाव म्हणतं, म्हाताऱ्याची नजर परत आली.

आणि खरं सांगू, मला हे आवडतं. अठराव्या वर्षी परत आले त्यानंतर मला कशाचा आनंद झाला असेल तर ह्याचा. गेल्या आठवड्यात एवढी तारली आली की दोर ओढायला म्हाताऱ्यासुद्धा धावल्या. मासा फिरला नाही, गुणाजी. माझा पाय त्याला कळलाच नाही.

पण हे फार दिवस चालायचं नाही. कोणी बघितलं तर आपल्याला गाव सोडावं लागेल. तू आलास की मी खाली उतरेन.

शेवंतीताई


लालबाग, मुंबई,
ता. ४ मार्च १९५६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

अक्षर वेगळं बघून घाबरू नकोस. साच्यात उजव्या हाताची बोटं अडकली, पट्टी आहे. मी सांगतो आणि बुधाजी लिहितो. त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

जानेवारीत इथे फार गडबड झाली. मुंबई केंद्राकडे ठेवणार असं ऐकल्यावर लोक रस्त्यावर आले. आपल्या गावचे सगळे सुखरूप आहेत.

तुझं पत्र मी जाळलं. जाळायच्या आधी तीनदा वाचलं. तू कातळावर आहेस हे मला बरं वाटतं, भीतीही वाटते. एक काम कर. पुढच्या पत्रात पाणी कसं दिसतं ते सविस्तर लिही. सकाळी कसं, ऊन चढल्यावर कसं, मासा आला की कडेला कसं. घाई करू नकोस, दोन पानं झाली तरी चालतील.

मी श्रावणात येतोच आहे.

तुझा,
गुणाजी


निवेळी बंदर,
ता. २२ मार्च १९५६

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

बोटं अडकली म्हणतोस. कोणती, किती, काही नाही. मला लहानपणापासून फसवायला बघतोस आणि एकदाही जमलेलं नाही. डाव्या हाताने चार वाकडी अक्षरं काढ, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

पाणी कसं दिसतं म्हणे. मला शिकवलंस तूच, आणि आता परीक्षा घेतोस. बरं, ऐक. सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं असतं, रंगच नाही. सूर्य डोंगरावर आला की किनाऱ्याकडून हिरवं होत जातं आणि पाण्यातल्या खडपांजवळ, त्या खडकांपाशी, निळ्यावर थांबतं. बांगडा आला की पट्टा जांभळट दिसतो, कडा हलत असते. तारली आली की काळं, आणि मध्येच सगळं एकदम चमकतं. वर घारी असल्या तर मासा उथळ आहे. वारा नसताना पाणी शहारलं तर हमखास मासा. वारा नसताना पाणी फुगलं तर मासा नाही, लांबून लाट येते आहे, तेव्हा होडी बाहेर नको. हे बाबांनी सांगितलेलं. मी अजून बघितलेलं नाही.

बाबा म्हणतात, गुणाजीला लिही, त्याच्यासाठी फडकं नवं आणलंय. मी त्याला हळद लावून ठेवलं आहे.

शेवंतीताई


परळ, मुंबई,
ता. ३० जुलै १९५६

सौ... नाही, शेवंतीताई यांस बुधाजीचा जयभीम आणि नमस्कार.

हे पत्र मी गुणाजीला न सांगता लिहितो आहे. त्याच्या नावाने दोन पत्रं लिहिली, त्यात खोटं होतं. माझ्या अक्षरात होतं म्हणून ते माझंही खोटं झालं.

गुणाजीचा हात धड आहे. त्याचे डोळे गेले. दोन्ही. जानेवारीत लालबागला धुमश्चक्री चालली होती, माणसं कुठल्या गल्लीत पळावं ते कळत नव्हतं. गुणाजी कौलांवर चढला. मी खालून ओरडलो, उतर. तो म्हणाला, “अरे, वरून सगळं दिसतंय, सांगतो ना.” आणि पंचा काढून फिरवायला लागला, ही गल्ली मोकळी, तिकडे जाऊ नका. त्याचं बघून लोक खरंच वाचले, बायका होत्या त्यात. मग अश्रुधुराचं नळकांडं कुठून तरी येऊन कौलांवर आपटलं आणि त्याच्या तोंडापाशी फुटलं. कोणी टाकलं, कसं आलं, मला सांगता येणार नाही. मी त्याला पाठीवर घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी तीन महिने ठेवून घेतलं आणि मग सोडलं.

तो म्हणतो, ताईला कळलं तर ती कातळावरून उतरेल आणि बाबा खचतील. तुमच्या पत्रातलं पाण्याचं पान मी त्याला किती वेळा वाचून दाखवलं ते मोजलं नाही. आता मला पाठ झालं आहे, आणि मी तर समुद्र फक्त दादरला बघितला आहे.

तो श्रावणात येणार नाही. काहीतरी कारण लिहा म्हणेल, मी लिहीन. तुम्हाला खरं माहीत असावं एवढंच.

अमुक ठिकाणी पाय ठेवू नये म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तुम्ही ठेवलात. फार बरं केलंत.

आपला,
बुधाजी


निवेळी बंदर,
ता. २ सप्टेंबर १९५६

बुधाजीभाऊंस शेवंतीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पहिल्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी पेज केली.

त्याला सांगू नका की मला कळलं आहे. तो मला फसवतोय ह्यावर त्याचा जीव चालला असेल तर चालू दे. बाबांना मी त्याने कळवलेलंच सांगितलं, की गिरणीत संप होणार आहे, रजा मिळत नाही. नारळी पौर्णिमेला तांडेलांनी नारळ बाबांच्याच हातात दिला. म्हणाले, आणखी एक वर्ष थांबू, म्हाताऱ्याची नजर तर अजून चांगली आहे. बाबा हसले. गावात कोणाला कळलं नाही की ते कशाला हसले.

म्हणजे आता फडकं धरायला घरात पुरुष नाही. मी आहे आणि दोरा आहे. जेवढे दिवस निघतील तेवढे काढते.

तुम्ही त्याला पाठीवर नेलंत. मी तुम्हाला काय लिहू? आमच्या गावात तुम्हाला विहिरीवर येऊ दिलं नसतं, हे मला ठाऊक आहे आणि लाज वाटते.

शेवंती


परळ, मुंबई,
ता. ८ जानेवारी १९५७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

संपाचं मिटलं की येतो असं लिहिलं होतं, पण खात्यात माणसं कमी आहेत. पुढच्या श्रावणात नक्की.

बुधाजी महिनाभर नीट बोलत नव्हता, म्हणून पत्राला उशीर. दसऱ्याला तो आणि सुंदरावहिनी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले, काय आनंदात होते दोघं. आणि डिसेंबरात त्यांचे बाबासाहेब गेले. अंत्ययात्रेला मीही त्याचा हात धरून दादरला गेलो. माणसांवर माणसं. रडण्याचा आवाज एवढा होता की समुद्र ऐकू यायचा नाही, पण मला आला. ओहोटी लागली होती. मी बुधाजीला म्हटलं, पाणी मागे चाललंय. तो म्हणाला, सगळंच चाललंय.

इकडे बाकी ठीक. गिरणीचं काम कमी केलं आहे, घरी बसून जाळी विणतो. शाळांना व्हॉलिबॉलची जाळी लागते, धक्क्यावरचा एक दुकानदार घेतो. बोटांना आपली गाठ आठवते. फक्त ह्या जाळ्यात मासा येत नाही.

तू महिनाभर लिहिलं नाहीस. तुझ्या पाण्याचं लिही.

तुझा,
गुणाजी


निवेळी बंदर,
ता. ३ फेब्रुवारी १९५७

बुधाजीभाऊंस नमस्कार.

आतल्या घडीत गुणाजीसाठी वेगळं पत्र आहे. ते त्याला वाचून दाखवा. हे नको.

अठरा डिसेंबरला होडी गेली. सकाळ इतकी शांत होती की माडाचं झावळं हलत नव्हतं. तांडेल मागच्या वल्ह्यावर आणि त्यांचा धाकटा मुलगा रघुवीर पुढच्या वल्ह्यावर होता. बांगड्याचा पट्टा खडपांच्या आत होता, मी दोरा ओढत होते, बाबा फडकं फिरवत होते. मग लांब पाणी फुगलेलं दिसलं. बाबांनी सांगितलेलं, वारा नसताना फुगलेलं. एकामागे एक तीन. होडी बरोबर खडपांच्या तोंडाशी.

मी दोरा हिसडला. बाबांना कळेना. डावीकडे, उजवीकडे, जाळं सोड, एवढंच आम्ही ठरवलं होतं. माघारी फिरा ह्याला हिसका ठरवलाच नव्हता. मासा दाखवण्याचाच विचार केला होता आम्ही दोघांनी. बाबा विचारत राहिले, “काय गे, खय? खय?” आणि लाट येत होती.

मी कपारीतून बाहेर आले आणि ओरडले. वल्ही मारा, बाहेर काढा होडी. जेवढा आवाज होता तेवढा काढला.

त्यांना ऐकू गेलं. सगळ्यांनी वर बघितलं. कातळावर मी. आणि आठही जणांनी वल्ही पाण्याबाहेर काढली आणि हात जोडले.

होडी तशीच उभी राहिली आणि आडवी सापडली. सात जण पोहून आले. रघुवीर दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

आता गावात कोणी म्हणत नाही की लाट आली. सगळे म्हणतात, बाई चढली. मला मारलं नाही. बाबांकडे बघून असेल. आमच्याशी कोणी बोलत नाही एवढंच. तेराव्यानंतर चाळीस घरांनी वाळूत रापण पसरली आणि आपापला तुकडा सोडवून घेतला. गाठी पक्क्या होत्या, सुटेनात, तर कोयत्याने तोडल्या. मी खिडकीतून बघत होते. संध्याकाळपर्यंत तिथे नुसते बुचांचे तुकडे राहिले. माणसं मुंबईला निघाली आहेत. तुमच्या लालबागलाच येतील, दुसरीकडे जाणार कुठे.

बाबा एकदाच बोलले. म्हणाले, “तू बरोबर बघितलंस. पण बघून काय झाला?”

शेवंती

(आतली घडी)

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

अंगात कसर होती म्हणून लिहिलं नाही, आता बरी आहे. रापण छान चालली आहे. परवा बांगडा एवढा आला की दोर ओढताना तांडेल घसरून बसले आणि सगळी वाडी हसली. पाणी सध्या सकाळी निवळशंख असतं, खडपांजवळची रेघ स्वच्छ दिसते. बाबा तुझी वाट बघतात. ये सवडीने, घाई नाही.

शेवंतीताई


परळ, मुंबई,
ता. ३ मे १९६०

ती. ताईस गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

परवा महाराष्ट्र झाला. मुंबईसकट. चाळीचाळींवर दिवे आहेत, लेझीम चालली आहे, सुंदरावहिनीने सगळ्या मजल्याला साखर वाटली. मी बुधाजीला विचारलं, दिवे कोणत्या रंगाचे? तो म्हणाला, पिवळे, लाल, थोडे हिरवे. मग त्याचं पेन थांबलं, कारण मला रंग विचारावा लागतो हे त्याच्याच हाताने पत्रात उतरलं होतं.

म्हणून म्हटलं, पुरे आता. ताई, मला दिसत नाही. चार वर्षं झाली. तुला हे ठाऊक आहे हेही मला ठाऊक आहे. मी न मागताही तू मला दर पत्रात पाण्याचा रंग इतका समजावून लिहायला लागलीस, तेव्हाच ओळखलं. डोळस माणसाला असं कोणी लिहीत नाही.

आणि निवेळीचंही मला ठाऊक आहे. रापण छान चालल्याचं तुझं पत्र यायच्या आधीच, रघुवीरचं तेरावं होताच, अकरा जण आपल्या खोलीत आले. कोंडीराम म्हणाला, शेवंतीच्या भावाबरोबर एका खोलीत कोणी झोपणार नाही. मी वळकटी उचलली. तेव्हापासून बुधाजीकडे आहे, पत्रावर लालबागऐवजी परळ पडायला लागलं होतं, ते तू काही विचारलं नाहीस. तीन वर्षं तू मला दर महिन्याला रापण लिहून पाठवतेस. बुधाजी वाचताना अडखळतो. मी हसतो आणि म्हणतो, वा, तारली आली. मग मीही उलट काहीतरी चांगलं लिहायला सांगतो. तुझ्या पत्रांतली रापण मला इतकी दिसते की ती मोडली आहे हे मला दिवसातून एकदा स्वतःला सांगावं लागतं.

आता लिहायचं ते हे. दगडू तांडेल इथे आहेत. कॉटन ग्रीनला गुदामावर पहारेकरी. ह्या वयात. गेल्या रविवारी शोधत आले. माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, “गुणाजी, तुझ्या भयणीन हाक मारली ती खरी होती. आमी वल्ही काढली नसती तर माझो झील वाचतो. ह्या माका त्याच दिवशी कळला.” मी म्हटलं, तांडेल, मग गावात का बोलला नाहीत? ते म्हणाले, “बोललो असतो तर माझ्याच हातान झील मारलो असा झाला असता. आणि आता सांगू कोणाक? गावात ऐकूक आसा कोण?”

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

इथे सगळे म्हणतात, एवढं मिळालं, तुझे डोळे गेले ते कामी आले. मी हो म्हणतो. मिळालं हे खरंच आहे. पण फडकं धरणारं घर संपलं, हेही खरं आहे, आणि हे कुणाला सांगितलं तर लेझमीत ऐकू जात नाही.

बाबांना नमस्कार सांग. त्यांना सांग की मी आलो असतो.

तुझा,
गुणाजी


निवेळी बंदर,
ता. २० मे १९६०

चि. गुणाजीस अनेक आशीर्वाद.

बरं केलंस. मलाही आता सुचत नव्हतं. एका माणसाने चाळीस घरांची रापण किती दिवस चालवायची?

बाबा नाहीत. गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेले, दोन वर्षं होतील. शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण पहाटे उठून काठी शोधायचे. खांदा द्यायला खालच्या वाडीतले चार म्हातारे आले, तेवढे तरी आले. तू दर पत्रात त्यांना नमस्कार लिहायचास. मी तो त्यांच्या जागेवर ठेवायचे, म्हणून कळवलं नाही. त्यांच्या तोंडचं म्हणून जे जे लिहिलं ते मी लिहिलं. मला माफ कर.

तांडेलांना सांग, मी ऐकलं. दुसरं काही सांगू नकोस.

गावात आता नऊ चुली पेटतात. खाडी पायाने ओलांडता येते. नाक्याच्या चौथऱ्यावर वाळवायला काही नाही, तिथे कुत्री झोपतात. तू ये असं मी लिहीत नाही. इथे तुझा हात धरायला मी एकटी, आणि मी गेल्यावर कोणी नाही. बुधाजीभाऊंच्या घरीच राहा. सुंदराबाईंना माझा नमस्कार सांग.

एक गोष्ट सांगायची आहे, ती खरी आहे, रचलेली नाही. परवा सोमवारी मासा आला. वैशाखात कधी येत नाही, पण आला. मी वाळूत शिंपल्या गोळा करत होते. पाणी बघितलं आणि हातातली टोपली ठेवली. एवढी तारली मी बाबांच्या वेळीसुद्धा बघितली नव्हती. खडपांपासून पार खाडीच्या तोंडापर्यंत काळं, आणि मध्येच सगळंच्या सगळं चमकायचं. वर घारी. वारा नव्हता. लाटही नव्हती, मी नीट बघितलं.

मी घरी जाऊन हळद लावलेलं फडकं काढलं. तुझ्यासाठी ठेवलं होतं ते. कातळावर चढले, कपारीत नाही, वर, बाबा उभे राहायचे तिथे. आता मला कोण अडवणार? फडकं उजवीकडे धरलं, कारण मासा उजवीकडे होता. मग डोक्यावर दोनदा फिरवलं. जाळं सोडा.

खाली किनाऱ्यावर कोणी नव्हतं. होडी नव्हती. मी फडकं धरून उभी राहिले. मासा तिथेच होता, बराच वेळ होता, चाळीस घरांना महिनाभर पुरला असता. ऊन चढलं तसा तो बाहेर सरकला आणि पाण्याचा रंग नेहमीसारखा झाला. मग मी उतरले.

फडकं ह्या पत्राबरोबर पाठवते आहे. हात पुसायला घे.

तुझी,
शेवंतीताई